कारण न लिहिलेला आवाज

१ जानेवारी १९९९, शुक्रवार

ही डायरी मिलला केमिकल पुरवणाऱ्याने दिवाळीत बाबांना दिली होती. बाबांनी ती घरी येताच माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "तू लिखत जाय भाऊ. तुनं अक्षर चांगलं शे." आमच्याकडे मुलालाही भाऊच म्हणतात. त्यानंतर महिनाभरात ते गेले. मिलमधून आले, चहा मागितला आणि चहा गाळेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मला रडू आलं नाही. गावी नेलं, डोकं भादरलं, गंधमुक्तीला कपाळाला गंध लावून घेतलं, पंगतीत वरण वाढत फिरलो, तरी नाही. लोक म्हणाले, कुंदन मोठा खंबीर. खंबीर कसला आलाय! दाताचा डॉक्टर इंजेक्शन देतो, मग आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं झालंय. आता नोंदी तरी करू म्हटलं, नाहीतर डायरी फुकट जायची.

५ जानेवारी, मंगळवार

ईमेलवर डेन्मार्कवाल्याचं उत्तर आलं. उधन्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रविवारी इंटरनेटला बसू देतात, आज मधल्या दिवशी बसू दिलं, उपकारच केले.

'टिंट' हा प्रोग्राम कापडाच्या रंगाचं वजन करायला मदत करतो. काट्यावर पावडर टाकत जायची आणि हवं तेवढं वजन भरलं की नाही ते कॉम्प्युटर सांगतो. प्रोग्राम फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना उघडा आहे. जगातले दहा-बारा रिकामटेकडे त्यात भर घालतात. त्यातला एक मी. दोन वर्षांपूर्वी मी तो आमच्या पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये, कलर किचनच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवला. कलर किचन म्हणजे रंग तोलून बादलीत कालवायची खोली. बाबा तिथेच कामाला होते. मी वरच्या ऑफिसात.

मिलमध्ये टिंट डॉस या जुन्या सिस्टिमवर चालतो, बाहेर आता लिनक्स या नव्या सिस्टिमवर. डेन्मार्कवाला सगळ्यांची कामं जुळवतो. त्याचं म्हणणं, पुढच्या आवृत्तीत डॉस नको. पण कोडमध्ये जागोजागी "डॉस असेल तर हे कर" अशा अटी राहून गेल्यात. त्या कोण काढणार? मी म्हटलं, मी काढतो. त्याने विचारलं, खरंच? फार कंटाळवाणं काम आहे. मला सध्या कंटाळवाणंच काम हवंय.

१० जानेवारी, रविवार

काम छान चाललंय. अट शोधायची, तिच्या पोटातलं वाचायचं, कोणी वापरत नाही याची खात्री करायची आणि काढून टाकायचं. काढल्यावर प्रोग्राम पहिल्यासारखाच चालतो. एवढं सगळं काढूनही काही बिघडत नाही याची गंमत वाटते. म्हणजे वाटायला हवी.

आईला बाबांच्या जागेवर घेतलं त्याला आता सव्वा महिना होईल. आमच्याकडचे बळीराम मास्तर कलर किचन सांभाळतात, त्यांनी शेठकडे शब्द टाकला. मास्तर कागद बघून कॉम्प्युटरमध्ये वजनं भरतात, पावडरींचे डबे ओळीने मांडून देतात, आई एकेक तोलते. काम जमतंय म्हणतात. शेठच्या साडूला ती जागा आपल्या माणसासाठी हवी होती, त्यामुळे एक चूक झाली की आईला काढतील हे सगळ्यांना माहीत आहे.

१४ जानेवारी, गुरुवार

उत्तरायण, म्हणजे इथल्या गुजराती लोकांची संक्रांत. आमची अख्खी बमरोली वस्ती गच्चीवर. धाकटी बहीण योगिता सकाळपासून पतंगाच्या नादात, बोटं मांज्याने कापून घेतली. ती दहावीला आहे पण अभ्यासाचं नाव नाही. मी बोललो तर म्हणते, "भाई, आजे नहीं." चाळीतल्या बायका हळदीकुंकवाला गेल्या. आई दार लोटून घरात पोथी उघडून बसली.

गावाहून काकांचं पत्र आलं होतं. नेहमीसारखं मी मोठ्याने वाचलं. बाबा असते तर म्हणाले असते, हळू वाच, उच्चार ऐकू दे. शिस्तीचे होते. मी पाचवीपासून अमळनेरला मामांकडे शिकलो, तिथे बाबा नेमाने पत्र पाठवत. अक्षर मात्र दर वेळी वेगळं. बाबांचं अक्षर त्यांच्या तब्येतीप्रमाणे बदलतं, असं मी तेव्हा मित्रांना सांगायचो.

१९ जानेवारी, मंगळवार

आज डॉसचा शेवटचा मोठा तुकडा काढला. माझाच होता.

मिलमध्ये टिंट बसवला तेव्हा बाबा म्हणाले होते, कानाला कळेल असं काहीतरी कर. दोन्ही हात पावडरीत असताना सारखी मान वळवायला नको, असं त्यांचं म्हणणं असावं. मी डॉसमधून कॉम्प्युटरच्या स्पीकरला सांगून आवाज बसवला. वजन बरोबर भरलं की एक लांब बीप, जास्त झालं की तुटक तुटक. डेन्मार्कला पाठवला, त्यांनी ठेवून घेतला. कशासाठी ते मीही लिहिलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं.

लिनक्सवर तो तुकडा चालत नाही. नव्याने लिहिता आला असता. पण आता पडद्यावर आकडे मोठे दिसतात, आवाज कशाला? डेन्मार्कवालाही म्हणाला, कॉम्प्युटरने गप्प बसावं हे बरं. काढला. बाबांनी मागितलेली एकुलती एक गोष्ट, तीही काढताना काही वाटलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

२६ जानेवारी, मंगळवार

झेंडावंदनाची सुट्टी, मिल बंद. नवीन आवृत्ती बाहेर काढण्याआधी कोणीतरी ती महिनाभर खऱ्या कामात वापरावी असं ठरलं. मीच हात वर केला. कलर किचनच्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवून नवा टिंट बसवला. आई जेवणाचा डबा घेऊन आली होती, थांबून बघत होती. विचारलं, "आते ते वाजाव नही का?"

मी म्हटलं, "नाही. आता पडद्यावरच स्पष्ट दिसेल. आधीपेक्षा सोपं."

आईने पडद्याची काच पदराने पुसली. मग म्हणाली, "बरं."

३१ जानेवारी, रविवार

डेन्मार्कवाल्याने टिंटच्या ईमेल लिस्टवर सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. एवढी साफसफाई या प्रोग्रामची कधी झाली नव्हती, म्हणतो. भर घालणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आता पहिल्या पाचांत येईल. योगिताला सांगितलं. ती म्हणाली, "पेंडा खवडाव." पेढे आणले. आईने एक हातात घेतला आणि तसाच ठेवला.

आईचं जेवण कमी झालंय. रात्री मध्येच उठून बसते. दुःख असं उशिराने बाहेर येतं म्हणतात.

४ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरांनी वर येऊन बोलावलं. एका पार्टीच्या कापडाचा गुलाबी लॉट गडद निघाला, जवळजवळ राणी रंगच. आईच्या हातून पावडर जास्त पडली. शेठ खाली येऊन सगळ्यांसमोर आईला बोलले, "बेन, ध्यान क्यां छे?" आई मान खाली घालून उभी होती.

मी पडदा तपासला. आकडे बरोबर. काटा बरोबर. प्रोग्राममध्ये चूक नाही, तीन वेळा पाहिलं. म्हणजे आईचं मन थाऱ्यावर नाही. घरी आल्यावर तिला नीट समजावून सांगितलं, की पडद्यावर वजन पूर्ण असं आलं की थांबायचं. ती हो म्हणाली. मी विचारलं, कळलं ना? ती परत हो म्हणाली.

७ फेब्रुवारी, रविवार

आईसाठी एक सूचना तयार केली. मराठीत, क्लासमधल्या प्रिंटरवर. 'पडद्यावर वजन पूर्ण असे आल्यावर पावडर टाकणे थांबवावे. जास्त झाल्यास मास्तरांना सांगावे.' उद्या काट्याच्या वर भिंतीला चिकटवतो.

आईला दाखवली. तिने दोन्ही हातांत धरून पाहिली आणि म्हणाली, "चांगलं दिखस." योगिता माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिची वही फाडली. विचारलं, काय झालं? तर उठून बाहेर गेली. हल्ली या घरात कोणाला काय विचारायची सोय नाही.

११ फेब्रुवारी, गुरुवार

परत चूक. या वेळी हलकी, मास्तरांनी बादलीतच पकडली. मला वाटतं आईला सूचना नीट दिसत नसावी. दुप्पट मोठ्या अक्षरांत छापून आणली आणि जुनीवर चिकटवली. आता वाचता न यायला ती आंधळीच हवी.

मी ती चिकटवताना मास्तर माझ्या मागे उभे होते. एक कोपरा सुटला होता तो त्यांनी दाबला, आईकडे एकदा पाहिलं आणि गेले.

१४ फेब्रुवारी, रविवार

डोळ्यांचंच असणार हे गुरुवारपासून डोक्यात होतं, म्हणून आज आईला उधन्याला डॉक्टरकडे नेलं. शिवरात्रीचा उपवास असूनही आली. जाताना वाटेत दोनदा म्हणाली, "मना डोया चांगला शेतस, भाऊ." मी म्हटलं, ते डॉक्टर ठरवतील.

भिंतीवर अक्षरांची पाटी होती, गुजराती आणि इंग्रजी. डॉक्टरांनी आईकडे एकदा पाहिलं, ती पाटी बाजूला केली आणि दुसरी लावली. तिच्यावर एकाच खुणेची तोंडं चार दिशांना. आईने बोटाने भराभर सगळ्या दिशा दाखवल्या, अगदी खालच्या ओळीपर्यंत. ती पाटी लहान मुलांसाठी असते असं मी म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "तमारां बानी नजर एकदम सरस छे." चष्मा लागला नाही.

परत येताना रिक्षात हिशेब मांडला. डोळेही चांगले, काटाही चांगला, प्रोग्रामही चांगला. मग मेख आहे कुठे?

१८ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरांनी आईला घडीखात्यात, कापडाच्या घड्या घालायला पाठवलं. मी भांडायला गेलो तर म्हणाले, "मीच धाडं. आखो एक लॉट बिघडी गया तर शेठ तिले काढीच टाकी. घडीमा ऱ्हाई तर निदान मिलमा ऱ्हाई." घडीखात्यातलं काम महिना-दोन महिन्यांचंच असतं, सीझन संपला की बायका घरी. हे त्यांनाही माहीत आहे, मलाही.

मी विचारलं, दीड महिना एक चूक नाही आणि आताच काय झालं? मास्तर म्हणाले, "ते तुनी मायले इचार."

आईला विचारलं. म्हणाली, "मन लागस नही." एवढंच. मग आईचं मन लागत नाही यावर मी काय करणार? माझंही लागत नाही, पण मी काम बरोबर करतो.

२१ फेब्रुवारी, रविवार

आज योगिताने सांगितलं.

मी आईला रागावत होतो. रागावत म्हणजे शांतपणे, पण तेच ते. मी म्हणत होतो, आई, तू चौथीपर्यंत शिकलीस, एवढं वाचायला काय होतं. आई भांडी उचलून नळावर गेली. योगिता माझ्या अंगावरच आली.

"भाई, तुला खरंच खबर नथी?"

"काय?"

"आईला वाचता येत नाही. एक अक्षर नाही. आकडे पण नाही. नोटा रंगावरून ओळखते. चौथी बिवथी काही नाही, ते मामांनी तुला सांगितलेलं."

मी म्हटलं, पोथी?

"पाठ आहे. पानं उलटते नुसती."

मग तिने उरलेलंही सांगितलं. बाबांनाही येत नव्हतं. सही शिकले होते, चिंधा या आपल्या नावाएवढीच. मला पाठवलेली पत्रं चाळीत जो भेटेल तो लिहून द्यायचा. रंगाच्या खोलीत आधी वजनं टाकायचा तराजू होता, तो हाताला कळायचा. मी कॉम्प्युटर आणला आणि बाबांना आकड्यांसमोर उभं केलं. त्या आठवड्यात ते जेवत नव्हते, म्हणाली. मग मी आवाज बसवला.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"तुला सांगायचं नाही असं घरात ठरलेलं. तू शिकलेला. तू मोठा झालास आणि घरी आलास तेव्हा बाबा चाळीत सगळ्यांना सांगून आले, पोऱ्यासमोर बोलू नका. आख्खी चाळ जाणते, भाई. फक्त तूच."

मी बमरोलीच्या रस्त्यावर चालत गेलो, पार कालव्यापर्यंत. विचार केला की आता तरी काहीतरी वाटेल. नाही वाटलं. दोन वेळा छापलेली सूचना डोळ्यांपुढे येत होती, अक्षरं दुप्पट मोठी.

२२ फेब्रुवारी, सोमवार

कामाआधी मास्तरांकडे गेलो. त्यांनी मी काही बोलायच्या आत ओळखलं. "चिंधानी माले पयल्याच दिनले सांगेल व्हतं," ते म्हणाले. "म्हने मी डबा वयखस, रंग वयखस, आकडा नही. मी म्हनं, मी शे ना."

मग तेच म्हणाले, "ते वाजनारं परत बसाडता येस का?"

सूचना भिंतीवरून काढली. दोन थर होते, पोपडा पण निघाला.

२८ फेब्रुवारी, रविवार

लिनक्सवर आवाज बसवणं सोपं निघालं. काढला तेव्हाच नव्याने लिहिला असता तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. मिलच्या कॉपीत टाकला. कोड उघडा आहे, आपल्या कॉपीत काहीही करायला कोणाची परवानगी लागत नाही. गुपचूप तेवढं करून बसलो असतो तरी चाललं असतं.

पण डेन्मार्कला लिहिलं, की हा आवाज परत घ्या. त्याने विचारलं, कशासाठी? गेल्या खेपेला कारण लिहिलं नव्हतंस, म्हणून तर तो काढावासा वाटला.

मी लिहिलं, हात कामात असतात म्हणून. हे खोटं नव्हतं. पाठवायच्या आधी खोडलं. मग लिहिलं, ज्यांना पडद्यावरचं वाचता येत नाही त्यांच्यासाठी. माझ्या वडिलांनी हे मागितलं होतं, त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांच्यानंतर माझी आई त्याच काट्यावर काम करत होती. मी हे काढल्यामुळे तिची जागा गेली.

आपल्या माणसांत हे मला तोंडाने बोलता आलं नसतं. डेन्मार्कच्या माणसाला लिहिलं. क्लासवाल्याने वेळ संपली म्हणून दोनदा हाक मारली.

४ मार्च, गुरुवार

उत्तर आलं. क्लासवाल्याने पुन्हा मधल्या दिवशी बसू दिलं. डेन्मार्कवाला म्हणतो, मग हा भाग डॉसचा कधीच नव्हता, तू तो चुकीच्या खणात ठेवला होतास. आता सगळ्या मशीनसाठी ठेवू. तू लिहिलेलं कारण तसंच्या तसं कोडमध्ये वर लिहितो, म्हणजे पुन्हा कोणी साफसफाई करणारा आला तरी त्याला हात लावणार नाही. आईला नमस्कार सांग म्हणाला. सांगितला नाही, कोणाचा म्हणून सांगू?

मास्तरांनी शेठला सांगितलं, मशीन बिघडलं होतं, बाईची चूक नव्हती. शेठने एक लॉट बघू म्हटलं. परवा.

६ मार्च, शनिवार

आईने सकाळी देवाला दोनदा हात जोडले. मला कळलंय हे मी तिला सांगितलेलं नाही. आवाज परत आलाय एवढंच सांगितलं, तीही एवढंच म्हणाली, "वना का? बरं व्हयनं."

काम सुरू झाल्यावर मी खाली गेलो. दोन वर्षांत मी कधी कामाच्या वेळी तिथे थांबलो नव्हतो. बसवून दिलं आणि वर निघून गेलो होतो. दारात उभा राहिलो, आईची पाठ माझ्याकडे होती. कापड रंगवणाऱ्या जेट मशीनचा खडखडाट, वाफ, सगळीकडे निळं पाणी. मास्तरांनी डबे मांडले. आईने चमचा उचलला आणि अगदी हळू पावडर टाकू लागली. पडद्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मान थोडी तिरकी, कान काट्याकडे.

लांब बीप वाजला. आईने चमचा उचलून धरला आणि म्हणाली, "हा भाऊ."

मला वाटलं, तिने मला पाहिलं. मी पुढे झालो. पण ती दुसरा डबा ओढत होती. परत वाजलं, परत तिने मान हलवली, "हा भाऊ, थांबनू."

मास्तर माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "चिंधा बी असाच बोले. एक दिन मी हासनू, तर म्हने, हासू नका मास्तर, मना कुंदन सांगी ऱ्हायना, बाबा, बस."

मी वर ऑफिसात गेलो नाही. गेटबाहेर चहाच्या टपरीमागे जाऊन बसलो आणि खूप रडलो. टपरीवाल्याने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, माझे बाबा गेले.